सुरुवातीचे सात

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त एका फोनचं. माझी बहीण बोस्टनजवळ असते. तिचा मुलगा सोळा वर्षांचा, उंची सहा फूट तीन इंच आणि अंगानेही आमच्या घराण्याला शोभेल असा भरलेला. शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे. परवा फोनवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "मामा, कोच मला सुरुवातीला खेळवत नाही. सात-आठ मिनिटं झाल्यावर उतरवतो. आणि माझ्याहून बुटका मुलगा माझ्या जागेवर सुरुवात करतो."

मी म्हटलं, "पण खेळवतो ना?"

"खेळवतो. शेवटपर्यंत मीच असतो. पण सुरुवातीला नावं पुकारतात, त्यात माझं नाव नसतं."

नावं पुकारतात म्हणाला आणि मला एकदम १९८५ सालचं मैदान आठवलं. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरचं, आमच्या शेजारच्या गावातलं. आणि थोरले काका आठवले. त्याला फोनवर जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहून काढतोय. घरातल्या मंडळींनी वाचून रागावू नये. चाळीस वर्षं झाली आता.

आधी थोडा इतिहास सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

आमच्या किनाऱ्यावर बास्केटबॉल नव्हता. अलिबाग, मुरुड, पेण, उरण कुठेही जा, खेळ एकच, कबड्डी. जुनी माणसं अजून हुतुतूच म्हणतात. भात कापून झालं, वालाच्या शेंगा भरल्या, रात्री पोपट्या लागायला लागल्या की मैदानं तयार व्हायची. समुद्राची वाळू या खेळाला चालत नाही, पाय रुततो. म्हणून गाडीने माती आणायची, चाळायची, पाणी मारून चोपायची. मग चुन्याच्या रेघा. मधली रेघ, तिच्या अलीकडे-पलीकडे निदानरेषा, त्यामागे बोनस रेषा. खांबांवर ट्यूबलाइट. कडेला बायकांसाठी सतरंज्या. आणि एक माइकवाला, ज्याचा आवाज दोन गावं पलीकडे ऐकू जायचा.

हा खेळ दर गावी वेगळ्या नियमांनी खेळला जायचा. त्याला एका नियमात बसवण्याचं काम मुख्यतः मराठी मुलखात झालं. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून स्पर्धा भरवली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे आपले खेळ दाखवले, त्यात कबड्डीही होती. पुढे शंकरराव तथा बुवा साळवींनी या खेळासाठी आयुष्य वेचलं. त्यांचा वाढदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी आली आणि भारताने सुवर्णपदक घेतलं.

हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मला त्याच्या आधीची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. एकेकाळी कबड्डीच्या तीन पद्धती होत्या: संजीवनी, गामिनी आणि अमर. फरक एकाच मुद्द्यावर होता. बाद झालेल्या गड्याचं काय करायचं?

अमर पद्धतीत गडी बाद झाला तरी मैदानातच राहायचा, समोरच्याला फक्त गुण मिळायचा. गामिनीत उलट. एकदा बाद झालात की बाहेर बसायचं, आणि तुमच्या संघाचे सगळे गडी बाद होईपर्यंत बसूनच राहायचं. संजीवनीत मधला रस्ता. बाद झालेला बाहेर जातो, पण समोरचा एक गडी टिपला की आपला एक परत उठतो. शुक्राचार्यांच्या विद्येवरून आलेलं नाव, त्या कचाला पुन्हा पुन्हा जिवंत करणाऱ्या. आज जगभर खेळतात ती हीच संजीवनी.

आता यात धिप्पाड गड्याचा विचार करा. थोराड देहाचा माणूस पकडीला उत्तम. चढाई करणाऱ्याला त्याने एकदा कवेत घेतलं की संपलं. पण अंग मोठं म्हणजे स्पर्श करायला जागाही मोठी. चपळ, बारक्या चढाईपटूला तो आयता मिळतो. अमर पद्धतीत त्याला पहिल्यापासून उतरवायला हरकत नाही, बाद झाला तरी तो कुठे जाणार? गामिनीत फार जपायला हवं, पहिल्याच चढाईत गेला तर तासभर मातीत बोटं फिरवत बसेल. संजीवनीत मात्र प्रश्न खरा अवघड होतो. तो जातो, परत येतो, पण तो बाहेर असताना संघाचं जे व्हायचं ते होऊन जातं. म्हणजे धिप्पाड गडी आधी की नंतर, याचं उत्तर बरंचसं 'मेलेला परत कसा येतो' या नियमावर ठरतं. हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. माझ्या वडिलांना ते चौतिसाव्या वर्षी कळलं होतं, आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली.

आता त्या रात्रीची गोष्ट.

१९८५ सालचा फेब्रुवारी. मी अकरा वर्षांचा. बाबा गावच्या संघाचे संघनायक. थोरले काका त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, म्हणजे अडतिशीचे. बाबा त्यांना दादा म्हणायचे. काकांचं वजन नव्वदीच्या पुढे असेल. आज वरिष्ठ पुरुष गटाला ८५ किलोची मर्यादा आहे, म्हणजे काकांना कुणी मैदानाच्या आतही घेतलं नसतं! पण गावच्या सामन्याला कुठला वजनकाटा? नारळाच्या वाडीत काम करून कमावलेलं अंग. डाव्या बाजूचे मध्यरक्षक. डावा कोपरा सांभाळणाऱ्याचा हात हातात घेऊन साखळी धरायचे आणि समोरचा जरा खोल आला की धडक देऊन रेषेबाहेर. आजच्या भाषेत डॅश. आम्ही पोरं म्हणायचो, "काकांनी लाट मारली."

दहा वर्षं ते सुरुवातीच्या सातांत होते. एकही सामना चुकला नव्हता.

अंतिम सामन्याला समोरच्या संघात एक नवा पोरगा आला होता. काटकुळा, पाय म्हणजे नुसत्या काड्या. पण उपांत्य सामन्यात त्याने उभ्या उभ्या सगळ्या दांडग्या गड्यांना टिपलं होतं. बाबा तो सामना बघून आले होते आणि रात्रभर ओटीवर येरझाऱ्या घालत होते, असं आई नंतर सांगायची.

त्या सामन्याला आमची आजीही आली होती. ती कधी मैदानावर जायची नाही. पण दोन्ही लेक अंतिम सामन्यात म्हणून आत्याने तिला आग्रहाने आणलं होतं. नवं लुगडं नेसून सतरंजीवर पुढे बसली होती.

माइकवाल्याने नावं पुकारायला सुरुवात केली. एकेक गडी धावत जाऊन मातीला हात लावून कपाळाला लावायचा आणि रांगेत उभा राहायचा. सहा नावं झाली. काका पुढे सरसावून उभे होते. सातवं नाव आलं ते एका एकोणीस वर्षांच्या मुलाचं. काका अर्धं पाऊल पुढे गेले होते, ते थांबले. मग मागे आले आणि राखीव गड्यांच्या बाकड्यावर, टोकाला, बसले. बाकडं एका बाजूला कललं. दोन-चार जण हसले. आजीने आत्याला विचारलं, "थोरल्याचं नाव का नाय घेतलं?"

बाबांचा हिशोब असा होता. त्या काटकुळ्या पोराला पहिला अर्धा डाव पळवायचं. चपळ मुलांसमोर त्याला फार गुण मिळणार नाहीत, आणि दमही संपत येईल. मग दुसऱ्या डावात, त्याचे पाय जड झाल्यावर, दादाला आत घ्यायचं. हिशोब बरोबर निघाला. मध्यंतराला आम्ही चार गुणांनी मागे होतो, पण लोण चढला नव्हता. दुसऱ्या डावात काका उतरले. एक शब्द बोलले नाहीत. त्या पोराला त्यांनी तीनदा धरलं. तिसऱ्या वेळी तर मैदानात आमचे दोनच गडी उरले होते, काका आणि कोपऱ्यातला एक. आज अशा पकडीला सुपर टॅकल म्हणतात आणि दोन गुण देतात. आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

चषक घेताना फोटो काढला. त्यात काका नाहीत. ते आजीला घेऊन घरी गेले होते. त्यानंतर ते गावच्या संघातून कधीही खेळले नाहीत. भावाभावांत भांडण झालं असं नाही. वाडीचं, पाण्याचं, लग्नकार्याचं बोलणं व्हायचं. पण वर्षभर तरी दोघं ओटीवर एकत्र बसलेले मी पाहिले नाहीत. आमच्या घरात 'सुरुवातीचे सात' हा शब्द निघाला की कुणीतरी विषय बदलायचं.

बाबा चुकले का?

हा प्रश्न मी बरीच वर्षं डोक्यात घोळवतोय. भाच्याच्या फोननंतर पुन्हा वाचायला बसलो, आणि गंमत म्हणजे त्याच हिवाळ्यात, त्याच्याच बोस्टनमध्ये, हाच प्रश्न चालू होता!

बोस्टन सेल्टिक्स या संघाचे जुने प्रशिक्षक रेड ऑरबाख. १९५० ते १९६६ प्रशिक्षक होते आणि त्या काळात संघाने नऊ विजेतेपदं मिळवली. त्यांनी एक रीत पाडली. आपल्या उत्तम पाचांतला एक मुद्दाम बाकावर ठेवायचा. समोरचे दमले, त्यांचे राखीव आत आले, की हा ताजातवाना उतरवायचा. याला 'सहावा माणूस' म्हणू लागले. आधी फ्रँक रॅम्झी, मग जॉन हॅवलिचेक. सुरुवात कोण करतो यापेक्षा शेवटाला मैदानात कोण असतो ते बघा, असा ऑरबाखांचा एकूण विचार. १९८२-८३ च्या हंगामापासून तर एनबीएने सहाव्या माणसाला वार्षिक बक्षीसच सुरू केलं.

१९८४ आणि १९८५, लागोपाठ दोन वर्षं ते बक्षीस मिळालं केविन मॅकहेलला. उंची सहा फूट दहा इंच. म्हणजे धिप्पाड गडी, आणि बाकावरून येणारा! १९८५ च्या फेब्रुवारीत संघातल्या सेड्रिक मॅक्सवेलचा गुडघा दुखावला आणि मॅकहेल सुरुवातीपासून खेळू लागला. ३ मार्चला त्याने डेट्रॉइटविरुद्ध एकट्याने ५६ गुण केले, तोवरचा सेल्टिक्सचा विक्रम. नऊच दिवसांनी लॅरी बर्डने ६० करून तो मोडला ते सोडा. पण लोक म्हणाले असतीलच ना, की अरे, हा माणूस इतकी वर्षं बाकावर का बसवला होता?

पुढच्याच हंगामात मॅकहेल सुरुवातीच्या पाचांत आला आणि बाकावर बसला बिल वॉल्टन, त्याच्याहूनही उंच, एकेकाळचा सर्वोत्तम खेळाडू, दुखापतींनी पाय खिळखिळे झालेला. तो मध्यंतरी उतरायचा, थोडा वेळच खेळायचा. १९८६ चं सहाव्या माणसाचं बक्षीस त्याला मिळालं आणि विजेतेपद बोस्टनला. म्हणजे एकाच संघात एका धिप्पाड माणसाला सुरुवातीला आणणं बरोबर ठरलं, आणि दुसऱ्याला मागे ठेवणंही बरोबर ठरलं. नियम असा काही नाहीच. त्या माणसाचे पाय किती वेळ साथ देतात, समोर कोण आहे आणि शेजारी कोण आहे, एवढंच.

आपल्याकडे बघा. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. बारा जणांची नावं, सात आत, पाच राखीव. राखीवांतून बदल बहुतेक चढाईपटूंचे होतात. पकडीच्या फळीला सहसा हात लावत नाहीत, कारण कोपरा आणि मध्यरक्षक यांची साखळी म्हणजे सवयीचा मामला. शेजाऱ्याने हात कधी दाबला हे न बघता कळावं लागतं. या बाजूने पाहिलं तर बाबांचा निर्णय धोक्याचा होता. दहा वर्षांची साखळी त्यांनी अंतिम सामन्यात तोडली.

आणि बाकावर बसलेला कधी काय करील ते सांगता येत नाही, हेही प्रो कबड्डीनेच दाखवलं. पवन सेहरावत २०१७ च्या हंगामात गुजरातकडे होता, बहुतेक काळ बाकावरच. पुढच्या हंगामात बंगळुरूकडे गेला आणि २७१ चढाई गुणांसह सगळ्यांच्या पुढे. ५ जानेवारी २०१९ ला मुंबईत अंतिम सामना, समोर तेच गुजरात. एकट्याने २२ गुण घेतले आणि ३८-३३ ने चषक नेला. गुजरातच्या बाकड्याला त्या रात्री काय वाटलं असेल!

क्रिकेटवाल्यांसाठीही एक उदाहरण. २०२३ साली आयपीएलमध्ये 'इम्पॅक्ट प्लेअर' आला, सामना चालू असताना अकरांतला एक बदलायचा. पहिल्याच सामन्यात, ३१ मार्चला अहमदाबादला, चेन्नईने अंबाती रायुडूच्या जागी उतरवलेला गोलंदाज हा स्पर्धेतला पहिला इम्पॅक्ट प्लेअर. कोण? आपला तुषार देशपांडे, कल्याणचा. त्या रात्री त्याने भरपूर मार खाल्ला आणि चेन्नई हरली. पण त्याच हंगामात त्याने २१ बळी घेतले आणि चेन्नई विजेती झाली. पहिल्या दिवशी त्याला हसलेले लोक नंतर कुठे गेले कोण जाणे :-)

असो. एवढं सगळं वाचून माझं मत काय झालं? खेळापुरते बाबा बरोबर होते. समोर काटकुळा, आपल्याकडे अडतिशीचा जड माणूस, संजीवनीचा नियम. कुणीही शहाणा संघनायक तेच करील. आणि सामनाही जिंकला, त्यामुळे कुणी बोलायला जागाही नव्हती. जिंकल्यामुळेच हे प्रकरण कधी मोकळं बोललं गेलं नाही, असंही मला वाटतं. हरलो असतो तर काका दोन शिव्या घालून मोकळे झाले असते.

काका २०११ साली गेले. त्याच्या आदल्या वर्षी, गणपतीत, मी धीर करून त्यांना विचारलं होतं. मला वाटलं होतं, ते म्हणतील मला बसवायला नको होतं. ते सुपारी कातरत म्हणाले, "बसवलं ते बरोबर केलं रे. माझे गुडघे मला ठाऊक होते. पण मला ते माइकवर कळलं. आई समोर बसलेली, आणि मला माइकवर कळलं."

बस, एवढंच. पुन्हा अडकित्ता चालू.

म्हणजे दहा वर्षं पुकारलेलं नाव एका रात्रीत गळलं याचं दुःख होतंच, पण खरी ठेच लागली ती दुसरीकडे. बाबा रात्रभर ओटीवर येरझाऱ्या घालत होते. काका आतल्या खोलीत झोपले होते. मधे एक दार होतं. ते त्यांनी ठोठावलं नाही. धाकटा भाऊ मोठ्या भावाला 'दादा, तू नंतर उतर' कसं सांगणार, हा त्यांचा संकोच. मैदानात संघनायक असले तरी घरी ते धाकटेच.

काकांचं हे बोलणं मी बाबांना कधी सांगितलं नव्हतं. परवा भाच्याचा फोन ठेवल्यावर सांगितलं. बाबा आता चौऱ्याहत्तरीचे आहेत, कमी ऐकू येतं. दोनदा सांगावं लागलं. बराच वेळ वाडीकडे बघत बसले. मी विचारलं, "आज तो सामना असता तर?"

म्हणाले, "दुसऱ्या डावातच उतरवीन." मग थोड्या वेळाने, "आदल्या रात्री सांगीन."

भाच्याला मी पुन्हा फोन केला. त्याला मॅकहेल माहीत होता, वॉल्टन माहीत होता, माझ्यापेक्षा जास्तच. मी त्याला विचारलं, "कोचने तुला कारण सांगितलंय का?" म्हणाला, "नाही." म्हटलं, "मग सुरुवातीला खेळवा म्हणून हट्ट करू नकोस. फक्त कारण विचार. आणि उद्या तू कप्तान झालास तर कुणी विचारायच्या आत सांग." तो "ओके मामा" म्हणाला. सोळा वर्षांच्या मुलाचं "ओके" म्हणजे नेमकं काय, हे ज्यांच्या घरी आहेत त्यांना माहीत असेल.

त्या फोटोची प्रत आत्याकडे आहे असं ऐकलंय. असेल तर पाठव गं. काका त्यात नाहीत हे ठाऊक आहे, पण कडेला ते बाकडं दिसत असलं तर बघायचंय.